पणजीचं माहेर कसं शोधायचं

इंग्लंडमधल्या जुन्या जन्मदाखल्यात आईच्या नावाचा एक रकाना असतो. बहुतेक दाखल्यांवर तिथे 'मेरी ब्राउन, फॉर्मर्ली जोन्स' अशा धर्तीचं काहीतरी लिहिलेलं सापडतं. आता ब्राउन, लग्नाआधी जोन्स. सरळ आहे. पण कधीमधी त्याच रकान्यात आणखी एक आडनाव डोकावतं: 'मेरी ब्राउन, लेट स्मिथ, फॉर्मर्ली जोन्स'. नावं मी उदाहरणापुरती घेतली आहेत, लिहिण्याची रीत मात्र हीच. नवखा माणूस 'लेट' वाचून दचकतो. बाळंतपणात आई गेली की काय, असं त्याला वाटतं. तसं नसतं. ही बाई जन्मली जोन्स, पहिल्या लग्नाने झाली स्मिथ, आणि आता दुसऱ्या लग्नाने ब्राउन. तीन घरं एका ओळीत मावली आहेत.

ही ओळ नीट वाचली नाही तर काय होतं बघा. तुम्ही मेरी जोन्स आणि ब्राउन यांचं लग्न शोधायला बसता. वर्षामागून वर्षं चाळता. ते सापडत नाही, कारण त्या लग्नाच्या नोंदीत ती 'मेरी स्मिथ, विधवा' आहे. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. लग्नाची नोंद आधी हाती लागते, त्यातलं 'स्मिथ' हेच माहेरचं आडनाव समजून माणूस स्मिथ घराण्याच्या मागे लागतो आणि ज्यांच्याशी रक्ताचा काही संबंध नाही अशा लोकांची पाच पिढ्यांची वंशावळ मन लावून तयार करतो. म्हणून लग्नाच्या नोंदीत वधूच्या नावापुढचा 'कुमारिका' की 'विधवा' हा शेरा आधी बघायचा, आडनाव नंतर.

आपल्या घराण्याचा इतिहास शोधणारे बहुतेक लोक आडनावाचा धागा धरून मागे जातात. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. तो धागा सोपा असतो, कारण तो तुटत नाही. पण जरा हिशेब करा. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एका पिढीत तुमचे १,०२४ पूर्वज भरतात. त्यातल्या ५१२ स्त्रिया. आडनाव धरून चालणारा माणूस त्या १,०२४ पैकी फक्त एकापर्यंत पोहोचतो. बाकीच्या १,०२३ जणांकडे जायची वाट कुठे ना कुठे एका बाईच्या माहेरातून जाते. (एकच पूर्वज दोन वाटांनी पुन्हा भेटतो, त्यामुळे खरी माणसं थोडी कमी असतात, पण मुद्दा बदलत नाही.) बाईचं माहेर शोधणं ही या कामातली जादाची हौस नाही. बहुतांश घराणं तिच्याच पलीकडे आहे.

माहेरचं आडनाव हरवतं का? सगळीकडे हरवत नाही, आणि हे आधी समजून घेतलं तर पुष्कळ कष्ट वाचतात. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळून जायचं. कायद्याचे पंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १७६५ साली हे स्पष्ट शब्दांत मांडून ठेवलं: लग्नाने नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होतात. ती एक व्यक्ती म्हणजे नवरा, हे वेगळं सांगायला नको. तिच्या नावावर मालमत्ता नाही, तिच्या सहीने करार नाही, नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र नाही. हा कायदा जिथे जिथे गेला, म्हणजे अमेरिकेसह इंग्रजांच्या अनेक वसाहतींत, तिथे तिथे कागदावर बाई सापडणं अवघड झालं.

फ्रान्समध्ये चित्र वेगळं. १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरं नाव कुणी लावायचं नाही असं ठरलं. व्यवहारात बायका नवऱ्याचं आडनाव वापरत राहिल्या, पण सरकारी नोंदीत त्या शेवटपर्यंत माहेरच्या नावाने आहेत. नेदरलँड्समध्ये तसंच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या कॅथलिक चर्चच्या वह्यांतही तसंच, शिवाय तिथे लग्नाच्या नोंदीत दोन्ही बाजूंच्या आईवडिलांची नावं असतात आणि आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असतं. अशा वह्या अखंड टिकल्या असतील तर एका लग्नावरून दुसऱ्या लग्नावर उडी मारत दीडदोनशे वर्षं मागे जाता येतं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, आणि लग्नाने ती बदलत नाहीत. १८७१ पासूनच्या तिथल्या सरकारी जन्मनोंदीत दोन्हीकडच्या आजीआजोबांचीही नावं मिळतात. आइसलँडमध्ये आडनाव वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनतं, मुलीला 'अमक्याची दोत्तिर' म्हणतात आणि लग्नानंतरही ती तीच राहते.

चीनमधल्या जुन्या वंशावळी पाहिल्या की मला नेहमी थबकायला होतं. तिथे सून 'वांग शी' अशी लिहिलेली असते, म्हणजे वांग घराण्यातली. तिचं माहेरचं आडनाव अगदी जपून नोंदलेलं, पण तिचं स्वतःचं नाव अनेकदा नाहीच. इंग्रजी कागदांत मेरी राहते आणि तिचं घराणं जातं. चिनी कागदांत घराणं राहतं आणि तिचं स्वतःचं नाव जातं. दोन्हीकडे लिहिणाऱ्याने आपल्या गरजेपुरतंच लिहिलं. इंग्लंडच्या पाद्र्याला मूल कुणाचं एवढं पुरेसं होतं. चिनी घराण्याला सोयरीक कुठल्या कुळाशी जुळली ते महत्त्वाचं होतं.

गरजेपुरतं लिहिलं, हीच या सगळ्या शोधाची किल्ली आहे असं मला वाटतं. लोक 'तिची नोंद कुठे मिळेल' असं विचारतात. त्याऐवजी 'तिचं माहेर लिहून ठेवायची गरज कुणाला पडली असेल' असं विचारून बघा. जिथे कुणाला तिच्याकडून काही हवं होतं, किंवा तिला कुणाकडून काही मिळायचं होतं, तिथे ती कोणाची मुलगी आणि कोणाची बहीण हे लिहावंच लागलं. मग कागद आपोआप सुचायला लागतात.

जमिनीचा व्यवहार घ्या. इंग्रजी कायद्यात नवऱ्यामागे विधवेला त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागावर हयातभर हक्क असे. जमीन विकत घेणाऱ्याला ही भीती असायची की उद्या विक्रेता मेला तर त्याची बायको हक्क सांगायला उभी राहील. म्हणून अमेरिकेतल्या जुन्या खरेदीखतांत बायकोने हक्क सोडल्याची वेगळी नोंद असते. कित्येक ठिकाणी अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचा, तू हे राजीखुशीने करते आहेस ना, आणि तिचं उत्तर लिहून घ्यायचा. एरवी कुठेही न दिसणारी बाई इथे नावासकट समोर येते. नुसत्या पहिल्या नावाने येते हे खरं, पण जमीन कुठून आली हे त्या खताच्या मजकुरात पुष्कळदा असतं. 'सदर जमीन हिच्या वडिलांकडून वारसाने आलेली' असं एक वाक्य सापडलं की माहेर सापडलं. याहून मोलाचं म्हणजे वडील गेल्यावर सगळी भावंडं मिळून जमीन विकतात ते खत. त्यात भाऊ, त्यांच्या बायका, बहिणी आणि बहिणींचे नवरे सगळे सह्या करतात. एका कागदावर अख्खं माहेर.

दुसरी गरज पेन्शनची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या अनेक विधवांना १८३६ आणि त्यानंतरच्या कायद्यांनी पेन्शन मिळायला लागली. अट एक: लग्न झालं होतं हे सिद्ध करा. पन्नाससाठ वर्षांपूर्वीचं लग्न, त्या काळी बऱ्याच ठिकाणी सरकारी नोंद नव्हती, लग्न लावणारा पाद्री मरून गेलेला. मग या म्हाताऱ्या बायकांनी काय करावं? घरातल्या बायबलच्या आतल्या पानांवर लग्न, जन्म, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. त्यांनी ती पानं फाडून अर्जाला जोडली. आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या अर्जांमध्ये ती फाटक्या कडांची पानं आहेत. सोबत भावाचं किंवा बहिणीचं प्रतिज्ञापत्र असतं: मी हिच्या लग्नाला हजर होतो, ही माझी सख्खी बहीण. आपला पूर्वज सैनिक होता एवढंच कळलं की लोक त्याच्या लढाया शोधतात. त्याच्या विधवेची फाइल आधी उघडा असं मी सांगेन.

मृत्युपत्रांचंही असंच. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेबद्दलच्या १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या बाईची मृत्युपत्रं फार कमी सापडतात, म्हणून तिचं नव्हे तर तिच्या वडिलांचं मृत्युपत्र शोधायचं. 'माझी मुलगी मेरी, जॉन ब्राउनची पत्नी' ही ओळ तिथे असते. अडचण अशी की वडिलांचं आडनावच माहीत नाही, तर त्यांचं मृत्युपत्र शोधणार कसं? अशा वेळी जावयाकडून उलटं यावं लागतं. जॉन ब्राउन ज्या परगण्यात राहत होता तिथली, त्याच्या लग्नानंतरच्या वीसतीस वर्षांतली मृत्युपत्रं घ्यायची आणि त्यांत ब्राउन आडनावाचा जावई कुठे येतो ते बघायचं. काम किचकट आहे. ज्या ठिकाणी मृत्युपत्रांतल्या सगळ्या नावांची सूची केलेली आहे तिथे ते बरंच हलकं होतं.

आणि या सगळ्यांत सर्वांत उपयोगी कोण, तर लग्न न केलेली मावशी किंवा आत्या. तिला आपल्या मालमत्तेचं मृत्युपत्र करायचा पूर्ण अधिकार होता. मुलंबाळं नसल्याने ती भाच्या-पुतण्यांना वाटून द्यायची. घड्याळ या भाचीला, चांदीचे चमचे त्या पुतणीला, आणि प्रत्येकीचं लग्नानंतरचं नाव, कधीकधी नवऱ्याचा धंदा आणि गावसुद्धा. सगळ्या बहिणी सासरी जाऊन वेगवेगळ्या आडनावांत विखुरल्यावर त्यांना पुन्हा एका कागदावर गोळा करणारी बाई हीच. वंशावळीत तिच्या नावाखाली पुढे रेघ जात नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि ते फार चुकतं.

आता साध्या नोंदींकडे येऊ. पहिली गोष्ट, तिच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा तिच्या मुलांच्या नोंदी बोलक्या असतात, आणि त्याही सगळ्या मुलांच्या. आपला थेट पूर्वज जो मुलगा असेल तेवढ्याचाच दाखला मागवायचा आणि थांबायचं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. थोरल्याच्या दाखल्यात लेखनिकाने घाई केली असेल, तिसऱ्याच्या दाखल्यात पूर्ण नाव असेल, धाकटी परदेशी गेली आणि तिथल्या मृत्युनोंदीत आईचं माहेर लिहिलं गेलं असेल. अमेरिकेत १९३६ पासून सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या, अर्जात आईचं लग्नापूर्वीचं नाव विचारत. म्हणजे १८७० च्या सुमारास जन्मलेल्या बाईचं माहेर तिच्या चाळिशीतल्या मुलाने भरलेल्या अर्जात मिळू शकतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. दाखल्यावर आईचं माहेर तेव्हापासून आहे, पण छापील सूचीत ते १९११ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. नोंदणी कार्यालयाने नंतर केलेल्या ऑनलाइन सूचीत मात्र १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं आडनाव जोडलं आहे, आणि त्यामुळे मोठी सोय झाली. वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि जिल्हा एवढं टाकलं की त्या जोडप्याची सगळी मुलं ओळीने येतात, जनगणनेच्या दोन फेऱ्यांच्या मधे जन्मून गेलेलीसुद्धा. लग्नाच्या दाखल्याने मात्र फार काळ निराश केलं. त्यावर दोन्ही वडिलांचं नाव आणि धंदा असायचा, आयांचा उल्लेखच नाही. आयांची नावं तिथे यायला ४ मे २०२१ उजाडला.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये हे १८५५ पासून होतं. नोंदणी सुरू झाली त्या पहिल्याच वर्षापासून जन्म, लग्न, मृत्यू या तिन्हींत आईचं माहेर. मृत्यूच्या नोंदीतसुद्धा गेलेल्या माणसाच्या दोन्ही पालकांची नावं असतात, म्हणजे ऐंशी वर्षांची बाई १८५८ साली वारली तर अठराव्या शतकातलं एक जोडपं हाताला लागतं. आणि १८५५ हे एक वर्ष तर खजिनाच आहे. त्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, त्यांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण, आधीची मुलं किती, असं सगळं विचारलं होतं. लेखनिकांना ते झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी बरेच रकाने काढून टाकले. तुमच्या बाईला त्या एका वर्षात मूल झालं असेल तर तेच आधी बघा, भले ते मूल तुमच्या थेट वाटेवरचं नसलं तरी. मृत्युनोंदीबद्दल एक सावधगिरी: ती माहिती मृत व्यक्ती देत नाही. नुकतंच माणूस गेलेल्या घरातला मुलगा किंवा जावई देतो आणि त्याला आजेसासूचं माहेर पक्कं ठाऊक असेलच असं नाही. आईच्या ठिकाणी आजीचं आडनाव सांगितलेलं मिळू शकतं.

जनगणनेत माहेर थेट विचारत नसत, पण तिथे दुसरी चोरवाट असते. घरात राहणारी 'सासू'. १८५१ पासून इंग्लंडच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं, आणि म्हातारी सासू लेकीकडे राहायला आली असेल तर तिचं आडनाव म्हणजे लेकीचं माहेर असण्याची शक्यता मोठी. मेव्हणा, मेव्हणी, वेगळ्या आडनावाचा भाचा, हेही तसेच. शक्यता मोठी म्हणतो, खात्री म्हणत नाही, कारण सासूनेही दुसरं लग्न केलेलं असू शकतं.

१९११ ची जनगणना जरा जवळून बघण्यासारखी आहे. त्याआधी घराघरांतले फॉर्म नक्कल करून झाल्यावर नष्ट करत असत. १९११ चे मूळ फॉर्म टिकले, म्हणजे कुटुंबप्रमुखाचं स्वतःचं अक्षर आपल्याला दिसतं. त्यात विवाहित बायकांसाठी चार आकडे मागितले होते: या लग्नाला किती वर्षं झाली, एकूण मुलं किती जन्मली, त्यातली हयात किती, गेलेली किती. लग्नाच्या वर्षांवरून लग्नाची नोंद कुठल्या वर्षात शोधायची ते ठरतं. 'जन्मली नऊ, हयात पाच' असं वाचलं की चार दाखले अजून शोधायचे आहेत हे कळतं, आणि त्या बाईने काय काय सोसलं तेही कळतं. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते. पण कित्येकींनी भरले. आपली मुलं किती झाली असं कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं, तिने सांगितलं. मग अधिकाऱ्याने त्या आकड्यांवर रेघ मारली. रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात, आणि शोधणाऱ्याला ते खोडलेले आकडेच अनेकदा उपयोगी पडतात. त्याच जनगणनेवर मताधिकार मागणाऱ्या काही स्त्रियांनी बहिष्कार घातला होता. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन २ एप्रिलच्या रात्री संसदेच्या इमारतीत एका कपाटात लपून बसली होती. तुमच्या घरातली एखादी शिक्षिका किंवा परिचारिका त्या वर्षी कुठेच सापडत नसेल तर हेही एक कारण असू शकतं.

नावांमध्ये काही खुणा लपलेल्या असतात. मुलाचं मधलं नाव आडनावासारखं वाटतंय का? रॉबर्ट फ्रेझर ब्राउन असं असेल तर फ्रेझर हे आईचं किंवा आजीचं माहेर असेल का ते तपासायचं. स्कॉटलंडमध्ये दुसरा मुलगा आईच्या वडिलांच्या नावाचा आणि पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, असा क्रम बरीच घरं पाळत. बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहणारे धर्ममातापिता आणि लग्नातले साक्षीदार हे बऱ्याचदा माहेरचे असतात. १७५४ पासून इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीवर वधूवरांची आणि साक्षीदारांची सही किंवा अंगठ्याऐवजी काढलेली फुली सक्तीची झाली, तिथपर्यंत या मार्गाने जाता येतं. पण या झाल्या खुणा. त्यांवरून कुठे शोधायचं ते ठरवावं, निष्कर्ष काढू नये. पहिल्या नावांचे लाडके अवतारही माहीत हवेत. मेरीची पॉली किंवा मॉली होते, मार्गारेटची पेगी, साराची सॅली, अ‍ॅनची नॅन्सी. नॅन्सी आणि अ‍ॅन या दोन बहिणी समजून लोक एकाच बाईचे दोन तुकडे करतात.

उलट चूकही होते, दोन बायकांची एक बाई करण्याची. जॉन ब्राउनची बायको १८४१ ला मेरी, १८६१ ला पण मेरी. एकच असणार, असं आपण धरून चालतो. पण मेरी हे इतकं सर्रास नाव होतं की पहिली मेरी जाऊन दुसरी मेरी आलेली असणं अजिबात दुर्मिळ नाही. दोन मुलांमध्ये पाचसहा वर्षांची मोकळी जागा, बायकोचं वय दहा वर्षांत चारनेच वाढलेलं, जन्मगाव बदललेलं, असं काही दिसलं की तिथे थांबून मधल्या काळात मृत्यू आणि दुसरं लग्न शोधावं. घरातली सगळी मुलं त्या घरातल्या बाईचीच असतील, हेही कागदाने सांगितल्याशिवाय धरू नये.

डीएनएबद्दल विचारणा खूप होते, तेव्हा त्याचं थोडं नीट सांगतो. आपल्या पेशींमध्ये केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण असतात आणि त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, रासायनिक अक्षरांच्या सुमारे १६,५६९ जोड्यांचा. तो फक्त आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांना आईचाच मिळतो, पण पुढे तो फक्त मुलगी देते. आई, तिची आई, तिची आई, ही वाट तो धरतो, आणि या वाटेवर कागदांवरचं आडनाव प्रत्येक पिढीत बदलत असलं तरी हा डीएनए जवळजवळ तसाच राहतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड. तो १४८५ साली बॉस्वर्थच्या लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली एक सांगाडा मिळाला. हा राजाच का, हे ठरवायला त्याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए हवा होता आणि तुलनेला त्याच वाटेवरचा जिवंत माणूस. रिचर्डची बहीण होती अ‍ॅन ऑफ यॉर्क. दोघांना आईकडून एकच डीएनए मिळालेला. मग अ‍ॅनची मुलगी अ‍ॅन सेंट लेजर, तिची मुलगी कॅथरिन मॅनर्स, असं लेकीवरून लेकीवर पाचशे वर्षं खाली यावं लागलं. तीन पिढ्यांत तीन आडनावं, आणि प्रत्येक पायरीला लग्न, बाप्तिस्मा, मृत्युपत्र असा कागद. ती साखळी लंडनमध्ये राहणाऱ्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थापर्यंत आली आणि त्याचा डीएनए सांगाड्याशी तंतोतंत जुळला. दुसऱ्या एका फांदीवरच्या बाईचा एका अक्षराच्या फरकाने जुळला. याच अभ्यासात बापाकडून मुलाकडे जाणारी वाटही तपासली होती, उमराव घराण्याची, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वंशावळीची. त्या वाटेवरच्या पाच पुरुषांपैकी एकाचाही वाय गुणसूत्राचा नमुना राजाशी जुळला नाही. म्हणजे मधे कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. २०१४ साली हे सगळं प्रसिद्ध झालं.

मात्र हे वाचून लगेच चाचणी मागवू नका. रिचर्डच्या बाबतीत कागदांची साखळी आधी तयार होती, डीएनएने ती पडताळली. मायटोकॉन्ड्रियल डीएनए इतक्या सावकाश बदलतो की जुळलेला माणूस दोनशे वर्षांपूर्वीच्या आजीचा असेल किंवा दोन हजार वर्षांपूर्वीच्या. तो आडनाव सांगत नाही. पाचसहा पिढ्यांच्या आतली पणजी शोधायची असेल तर सगळ्या गुणसूत्रांची साधी चाचणी जास्त कामाची. तिच्यात जे दूरचे नातेवाईक जुळतात त्यांच्या वंशावळी मांडून बघायच्या. तुम्हाला अनोळखी असं एकच आडनाव, एकाच परगण्यातलं, चारपाच जणांकडे दिसलं तर तिथे हरवलेलं माहेर असण्याची शक्यता असते, आणि मग पुन्हा कागदांकडे वळायचं. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीची चाचणी सगळ्यांत मोलाची, कारण ती एकदोन पिढ्या मागे आहे. तिला नीट समजावून आणि तिची परवानगी घेऊनच. रिचर्डसारखी गोष्ट कुठल्याही घरात निघू शकते, आणि ती ऐकायची सगळ्यांची तयारी असतेच असं नाही.

शेवटी नोंद कशी ठेवायची ते. वंशावळीत स्त्री नेहमी तिच्या जन्माच्या आडनावाने लिहायची, लग्न कितीही झालेली असोत. सासरची नावं तिच्या लग्नांच्या नोंदीखाली येतात. माहेरचं आडनाव अजून मिळालं नसेल तर ती जागा कोरी सोडायची. तिथे नवऱ्याचं आडनाव भरून टाकायचा मोह होतो, चौकट भरल्यासारखी दिसते. पण वीस वर्षांनी ती वंशावळ दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की त्याला वाटेल ही जन्मानेच ब्राउन होती, आणि तो ब्राउनांमध्ये तिचा बाप शोधत बसेल. त्यापेक्षा 'मेरी', पुढे आडी रेघ, आणि खाली कुठल्या वह्या कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत बघून झाल्या त्याची यादी.